लोखंडी हात

प्रिय धाकटे,

अक्षर बघून घाबरू नकोस. घाईत लिहिलेलं नाही आणि चालत्या गाडीतही लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहिते आहे. तरी ते असं का आलंय हे पुढे कळेल. पाकीट बघून तुला वाटलं असेल, घराच्या कागदांवर सही हवी असणार. नकोय. आईच्या खोलीतलं कपाट अजून तसंच आहे, चावी माझ्याकडे आहे, ते तू येशील तेव्हा बघू. गेले काही महिने फोनवर आपण एवढंच बोलतो, कपाट, चावी, गळका नळ, आणि मग तू म्हणतेस, चल ठेवते, दाराशी कुणीतरी आलंय. तुझ्या दाराशी इतकी माणसं येतात हे मला माहीत नव्हतं. म्हणून कागद घेतला. हाही तू मध्येच ठेवून देशील, पण तो पुन्हा उचलता तरी येतो. सांगायचंय ते माझ्या हातांबद्दल, आणि त्यासाठी आधी माझं काम सांगावं लागेल, म्हणजे जे ऐकताना तू नेहमी जांभया देतेस ते. दे, मला इथून दिसत नाही.

तुझ्या मते माझं काम म्हणजे चार्जर जाळणं, आणि ते तसं खोटं नाही. डिझाइनवाले सर्किट बनवतात आणि मी ते मोडून बघते. यंदा आमच्या टेबलावर आला तो आजवरचा सगळ्यांत दांडगा. एकाच यूएसबी केबलवर फोन चालवणार, लॅपटॉप चालवणार, भलामोठा मॉनिटर चालवणार. दोनशे चाळीस वॉट, आणि आकार म्हणशील तर साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा. एवढी ताकद असली तरी हा भसकन वीज ओतत नाही. केबल लावली की आधी पाच व्होल्टवर थांबतो, समोरच्या यंत्राला विचारतो, बाबा रे, तुला किती झेपतं, आणि ते सांगेल तेवढंच वाढवत नेतो, अठ्ठेचाळीस व्होल्टपर्यंत. त्याच्या वर नाही. साठच्या आत राहिलं की एखाद्याचं बोट चुकून लागलं तरी बिघडत नाही, म्हणून ही मर्यादा. आतमध्ये भिंतीकडून आलेली वीज आणि केबलकडे जाणारी वीज यांच्यात मोजून अंतर ठेवलेलं असतं, दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही. हे तुला एकदा सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ताई, तुझा चार्जर आपल्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा समजूतदार आहे. मी ते लॅबमध्ये सांगितलं होतं. अजून सांगतात एकमेकांना.

मोडायचीही रीत असते. एका वेळी एकच भाग बिघडवायचा. एखादा कपॅसिटर शॉर्ट करायचा, नाहीतर एखाद्या रेझिस्टरचा पाय तोडायचा, आणि पूर्ण ताकदीवर चालवून बघायचं, आता हा काय करतो. निमूटपणे बंद पडला तर शहाणा. त्या वेळी त्याच्यावर पांढरं, विरळ विणीचं सुती कापड पांघरतात, कारण घराघरांत असल्या वस्तू पडद्यामागे, पांघरुणाखाली नाहीतर सोफ्याच्या फटीतच सापडतात. आत काहीही होवो, कापड करपता कामा नये. त्याच कापडाचे उरलेले तुकडे मी तुला पाठवायची आणि तू ते इस्त्रीखाली घालायचीस. तुझ्या शिवणाच्या दुकानातले किती रेशमी झगे आमच्या कापडाने वाचले असतील कुणास ठाऊक.

आता चटक्याचं. चार्जर तापणारच, त्याला इलाज नाही. बाहेरून किती तापला तर चालेल, एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर तो हातात किती वेळ राहतो यावर ठरतं. त्याचं एक कोष्टकच आहे. जी वस्तू सतत हातात धरायची ती अठ्ठेचाळीस अंशांच्या वर जाऊन चालत नाही. पण जिला दोन-चार क्षणच हात लागतो, प्लगमधून उपसून काढण्यापुरता, ती प्लॅस्टिकची असेल तर सत्त्याहत्तरपर्यंतही चालते. का चालते? कारण माणूस हात मागे घेतो. गरम लागलं की बोटं आपली आपण सुटतात, विचार करावा लागत नाही. हे कोष्टक मी इतकी वर्षं वापरते आहे, पण त्यातल्या या माणसाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. कोष्टकातले सगळे आकडे त्याच्या भरवशावर उभे आहेत. त्याला चटका बसतो, हे धरून चाललेलं आहे.

चार्जर कुठे जास्त तापतो ते शोधून तिथे तापमानाची तार चिकटवावी लागते. तार म्हणजे दोऱ्यासारखी बारीक. जिथे चिकटवाल तिथलंच सांगते, बोटभर पलीकडे काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. जागा शोधायला आमच्याकडे कॅमेरा आहे, पण धातूसारख्या चकचकीत रंगावर तो फसतो, आणि हल्ली सगळ्यांना चकचकीतच हवं असतं. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडून गेली: चार्जर पूर्ण ताकदीवर चालवून तापवायचा आणि त्याच्यावरून मी तळहात फिरवायचा. बाकीचे हात लावतात आणि फू फू करत मागे घेतात. मी सावकाश फिरवायची, जिथे जास्त लागेल तिथे खूण करायची, आणि शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, जिला सगळे टेपवाली म्हणतात, ती तिथे तार चिकटवायची. मलाच हे काम का, तर माझे हात लोखंडी. लॅबमध्ये हे कुणी सुरू केलं आठवत नाही, पण त्याला खतपाणी मीच घातलं असणार. आईच्या गोष्टी मी तिथे फार सांगायची.

शेवटच्या काही वर्षांत आई गॅसवरचं भांडं नुसत्या हातांनी उतरवायला लागली होती, आठवतं? तू आलीस की आपण मुद्दाम तिला हाक मारून पातेलं उतरवायला लावायचो, आणि तुझा नवरा खुर्चीतून अर्धा उठायचा. आई मस्त हसायची. वय झालं तशी ही बाई दणकट होत चाललीय, असं आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. मग गेल्या दोनेक वर्षांत माझेही हात तसेच व्हायला लागले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. आईचा रंग तुला, नाक तुला, आवाज तुला; मला निदान हात तरी मिळाले म्हटलं. आणि तू आपली वेंधळी. मध्यंतरी फोनवर सांगत होतीस, तिसरा कप फुटला, आता नवऱ्याने स्टीलचे पेले आणून ठेवलेत, आणि दुकानात बटणं लावायला एक बाई ठेवलीस कारण सुई बोटांत ठरतच नाही. तू हसत होतीस. मीही हसले, म्हटलं, वेंधळी ती वेंधळीच. त्या दिवशी तुझ्या दाराशी कुणी आलं नाही. बराच वेळ बोललो आपण, म्हणून तो फोन लक्षात राहिलाय.

पण त्याच्या आधीचं बोलायला हवं. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या मशीनपाशी, तू मला विचारलं होतंस, ताई, तुला काही वाटतंय की नाही? तुझे डोळे सुजले होते. मी एका हातात आईची चप्पल आणि दुसऱ्या हातात फॉर्म घेऊन उभी होते. मी काहीच बोलले नाही आणि तुला वाटलं मी रागावले. मी रागावले नव्हते गं. मी शोधत होते. आत कुठे काही लागतंय का ते बघत होते, आणि काही सापडत नव्हतं. आई बाथरूमच्या दाराशी पडली तेव्हा मी घरात होते. मी तिला उचललं, गाडीत मी तिच्या शेजारी होते, पुढचे सगळे दिवस मी तिथे होते, आणि त्या सगळ्यातलं मला काय दिसतं, तर तिच्या गाऊनचं एक बटण चुकीच्या काजात होतं. शेवटी शेवटी बटणं लावायला ती मला हाक मारायची. मला वाटायचं, लाड करून घेतेय. त्या पहाटे तिने हाक मारली नव्हती.

आई गेली आणि आठवडा व्हायच्या आत मी कामावर गेले. तुझ्या दृष्टीने ते शोभलं नाही, मला कळलं होतं. लॅबमध्ये सगळे माझ्याभोवती हळू चालायचे, हळू बोलायचे, मला उगीचच चहा आणून द्यायचे. मला वेळेवर भूक लागायची, वेळेवर झोप यायची. आईच्या खोलीवरून जाताना दिवा बंद आहे ना एवढं बघायची आणि पुढे जायची. काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. तू एकटी रडत होतीस, आणि मी घरभर फिरून दुधाच्या पिशव्यांची तारीख बघत होते.

त्याच सुमारास हा दांडगा चार्जर माझ्या टेबलावर आला. तो ज्याने डिझाइन केला त्याला आम्ही 'झालंच' म्हणतो, कारण काहीही विचारलं की त्याचं उत्तर ते. ट्रान्सफॉर्मर बदलला का? झालंच. जेवलास का? झालंच. माणूस हुशार आहे, पण पायाला भिंगरी. त्याने सांगितलं, सगळ्यांत गरम मधोमध असणार, खाली ट्रान्सफॉर्मर आहे. मी चार्जर तापवला, तळहात फिरवला, मलाही मधोमधच लागल्यासारखं वाटलं, तिथे खूण केली. टेपवालीने तार चिकटवली. एकाहत्तर अंश. सत्त्याहत्तरच्या आत. बाकीच्या चाचण्याही एकेक करून झाल्या, रिपोर्ट गेला, पहिला माल खोक्यांत भरून गोदामात उभा राहिला. झालंचने सगळ्यांना केक आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

मग एक दिवस, दुपारी, त्याच चार्जरच्या थोड्या बदललेल्या नमुन्याची मोडतोड चालली होती. एक भाग शॉर्ट केला, कापड पांघरलं, चालू केला. बराच वेळ तो तसाच रेटत राहिला आणि मग शहाण्यासारखा बंद पडला. कापड पांढरं स्वच्छ. मी ते घडी करून बाजूला ठेवलं, चार्जर उचलला आणि टेपवालीला सांगायला लागले की कापडाचा नवा गठ्ठा मागवायला हवा, जुन्याची वीण जाड आहे. ती ऐकत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मग एकदम किंचाळली आणि माझ्या मनगटावर अशी थाप मारली की चार्जर जमिनीवर. मी तिच्यावर चिडले, नमुना फुटला असता. ती म्हणाली, अगं बाई, हात बघ तुझा. तळहातावर अंगठ्याच्या खाली पांढरट डाग होता आणि त्याच्या कडा लाल होत चालल्या होत्या. मला नुसती ऊब लागत होती. थंडीत गरम कप धरल्यावर लागते तेवढी.

नळाखाली हात धरून उभी होते तेव्हासुद्धा मला दुखत नव्हतं. टेपवाली मागे उभी राहून माझ्याऐवजी आई गं, आई गं करत होती. मी त्या डागाकडे बघत होते. तो तळहाताच्या कडेला होता. म्हणजे चार्जर धरला तेव्हा जिथे त्याचा केबलकडचा कोपरा येतो तिथे. मधे काहीच नव्हतं, साधी लालीसुद्धा नाही. मग पाणी बंद केलं आणि तशीच ओल्या हाताने खुर्चीत बसले, कारण रिपोर्टमधली खूण याच हाताने केली होती. मधोमध.

साहेबांकडे गेले तेव्हा झालंच तिथेच होता. साहेब भला माणूस आहे पण त्या दिवशी त्यांच्या गळ्याशी आलं होतं, दुसऱ्या दिवशी गोदामातून गाडी निघणार होती. म्हणाले, रिपोर्ट पास आहे, सही तुमची आहे, आता नक्की काय म्हणायचंय तुम्हाला? मी म्हटलं, माझा हात खराब झालाय, या हाताने दाखवलेली जागा धरू नका. झालंच म्हणाला, पण मीच सांगितलं होतं ना मधोमध. म्हटलं, तू सांगितलंस आणि मी हो म्हटलं, तुझं ऐकून. मला काही लागलंच नव्हतं. असं म्हणताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. साहेबांनी फोन उचलला आणि गाडी थांबवली.

नव्याने मोजलं तेव्हा टेपवालीने सगळ्या चार्जरभर तारांचं जाळंच चिकटवलं. मधोमध एकाहत्तर, पूर्वीसारखंच. केबलकडच्या कोपऱ्यावर त्र्याऐंशी. तिथे आत दोन लहानसे भाग बसतात, त्यांची उष्णता पसरवायला लावलेली पट्टी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आता पट्टी लांबवलीय, शिवाय कोपऱ्यापाशी एक उष्णता ओळखणारा भाग बसवलाय. तापायला लागलं की चार्जर समोरच्याला सांगतो, आता एवढ्यावर भागव, आणि ताकद कमी करतो. झालंच तीन आठवडे घरी धड गेला नाही. माझ्या हाताने आधी खुणा केलेले आणखी दोन चार्जर होते, तेही पुन्हा मोजले, ते सुदैवाने ठीक निघाले. हात फिरवायची पद्धत आता बंद. यापुढे प्रत्येकाला तारांचं जाळं. मला कुणी बोल लावला नाही, उलट साहेबांनी स्वतः दार उघडून धरलं. पण लोखंडी म्हणून कुणी हाक मारत नाही आता. त्याचंच थोडं वाईट वाटतं, काय सांगू.

डॉक्टरांकडे मी भाजल्याचं मलम आणायला गेले होते. त्यांनी हात बघितला, मग म्हणाले चपला काढा. मला कळेना. एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू टेबलावर आपटून त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकवली आणि विचारलं, थरथर कळतेय? म्हटलं, आधी सुरू तर करा. ते म्हणाले, केव्हाची सुरू आहे. मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि मी सरळ त्यांच्या अंगावरच गेले. रक्त तपासलं. बी-बारा म्हणून जीवनसत्त्व असतं ना, ते माझ्यात जवळजवळ नाहीच. खाण्यात कमी म्हणून नाही. पोटच ते शोषून घेत नाही. त्यावाचून हातापायांच्या नसा हळूहळू मुक्या होत जातात, इतक्या हळू की आपल्याला वाटतं आपण सोशीक झालोय. बोटांतून वस्तू सुटतात, बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं. पायाखालची जमीन कळत नाही, म्हणून अंधारात तोल जातो. दिवसा डोळे सांभाळून घेतात. हे सगळं ते अगदी साध्या आवाजात सांगत होते, आणि मला आई दिसत होती, बाथरूमकडे जाताना भिंतीवर हात टेकत जाणारी. मी तिला म्हणायची, आई, भिंतीला डाग पडतात.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? मी पटकन नाही म्हटलं. मग म्हटलं, आईचे हात लोखंडाचे होते. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. आईला हेच होतं का, ते आता कुणीच सांगू शकत नाही, तिचं रक्त त्यासाठी कधी तपासलंच नाही. वय झालंय, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं, डॉक्टरांचंसुद्धा. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही, आणि माझ्या डोक्यावरही घेणार नाही. घेतलं असतं, पण उचलून बघितलं तर तेही मला जड लागलं नाही. इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला, पुढे महिन्याला, जन्मभर. डॉक्टर म्हणाले, नसा सावकाश जाग्या होतील, सगळ्या होतीलच असं नाही. आणि जाग्या होताना आधी दुखेल. मुंग्या येतील, आग होईल. घाबरून इंजेक्शन थांबवू नका.

काल सकाळी मी चहा ओतला आणि कप उचलला. नेहमीसारखा, कानाला न धरता, पोटाला धरून. आणि हात मागे आला. मी घेतला नाही, तो आपला आपण आला. कप खाली पडून फुटला, चहा पायावर उडाला, तिथेही भाजलं, आणि माझ्या तोंडून निघालं, आई गं. मोठ्याने. बंद खोलीच्या दारापर्यंत जाईल एवढ्याने. मग मी तिथेच फरशीवर बसले, कपाच्या तुकड्यांमध्ये, आणि रडले धाकटे. आईसाठी रडले. तू कॉरिडॉरमध्ये रडत होतीस तशी, नाक-डोळे एक करून, मान वर न करता. चहा वाळून फरशी चिकट झाली तरी उठवेना. हात ठणकत होता आणि तो ठणकतोय याचं मला इतकं बरं वाटत होतं. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वाटतंय. उशीर झाला, पण वाटतंय.

आता कशासाठी लिहिलं ते. काल फरशीवरचे तुकडे गोळा करताना मला तुझे तीन कप आठवले. तुझी सुई आठवली, आणि बटणं लावायला ठेवलेली ती बाई. तू वेंधळी नाहीस गं. कदाचित कधीच नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, हे कधीकधी एकाच घरात फिरतं, बहिणीला नक्की तपासून घ्यायला सांगा, अजून वेळ असेल तर सगळं परत मिळेल. फोनवर सांगितलं असतं तर तू हसून दाराशी गेली असतीस, म्हणून हा वाकड्या अक्षराचा खटाटोप. तोवर रात्री उठशील तेव्हा आधी दिवा लाव, आणि भिंतीला खुशाल हात टेकव. उद्याच जा, दुकान अर्धा दिवस बंद राहिलं तर कुणाचे झगे अडत नाहीत. रक्त देताना दुसरीकडे बघू नकोस, नीट बघ. आणि सुई टोचली तेव्हा दुखलं का, तेवढं मला फोन करून सांग.

तुझीच,
ताई